आहे, पण कॉम्प्युटरमध्ये नाही: छोट्या धंद्यात ईआरपी बसवताना

"आहे हो मॅडम, पण कॉम्प्युटरमध्ये नाही." स्टोअरच्या दारात हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की कानावर पडताच माझा हात वहीकडे जातो. बेअरिंग रॅकवर आहेत, स्क्रीनवर शून्य. खरेदीवाल्याने ते शून्य पाहून नवी ऑर्डर टाकलेली असते. कधी उलटंही होतं, स्क्रीनवर १४० नग आणि रॅकवर नुसती धूळ.

मी मुळात हिशेबातली. अकरा वर्षं एका साठेक माणसांच्या कारखान्यात बिलं, लेजर आणि महिनाअखेर एवढंच केलं. तिथे ईआरपी, म्हणजे खरेदी, साठा, उत्पादन आणि हिशेब एकत्र ठेवणारं सॉफ्टवेअर, आलं तेव्हा "मॅडमना कॉम्प्युटर येतो" एवढ्या भांडवलावर ते माझ्या गळ्यात पडलं. पहिल्या खेपेस फसलं, दुसऱ्या खेपेस चाललं, आणि पुढे इतरांकडे ते बसवून देणं हाच माझा धंदा झाला. खाली लिहितेय ते वीस ते दीडशे माणसांच्या, माल बनवणाऱ्या किंवा साठवून विकणाऱ्या धंद्यांसाठी आहे.

ईआरपी हे नाव १९९० मध्ये गार्टनर या संस्थेने रूढ केलं, पण मुळं १९६०च्या दशकात आहेत. आयबीएममधल्या जोसेफ ऑर्लिकी यांनी मांडलेल्या एमआरपीचा (पाकिटावरची किंमत नव्हे, तर मालाच्या गरजेचं नियोजन) गाभा साधा होता. काय बनवायचंय, त्यात काय काय लागतं आणि हाताशी किती आहे, या तीन गोष्टी कळल्या की काय, किती आणि कधी मागवायचं ते निघतं. तिन्हींतली एक जरी खोटी असली तरी उत्तर खोटंच, आणि वर ते सुबक छापून येतं. माझ्या पाहण्यातली बहुतेक ईआरपी त्या तिसऱ्या गोष्टीवर आपटली आहेत. सर्व्हर, नेटवर्क, सॉफ्टवेअर सगळं ठीक होतं, पण माल हलला तेव्हा नोंद झाली नव्हती. त्यामुळे माझी सगळी पद्धत एका प्रश्नाभोवती फिरते: नोंद कोण करणार आणि कधी?

सुरुवात सॉफ्टवेअरपासून नको

मालकांना विचारलं की "सगळं एका क्लिकवर दिसलं पाहिजे" असं उत्तर येतं. त्यावर काही बांधता येत नाही. मी त्यांना एक आठवडा देते. रोज पडणारे असे तीन प्रश्न लिहून काढा, ज्यांचं उत्तर दोन-चार फोन केल्याशिवाय मिळत नाही. बहुतेकांचे सारखेच निघतात: ही ऑर्डर कधी जाईल, या नगात आपल्याला सुटलं किती, आणि अमक्याकडे येणं किती. प्रत्येक प्रश्नापुढे आज उत्तर मिळायला किती वेळ लागला तेही लिहायचं. सहा महिन्यांनी ईआरपी चाललं की नाही यावर वाद होतो, तेव्हा हाच कागद काढायचा.

याच आठवड्यात कधीकधी कळतं की ईआरपी नकोच आहे. तिन्ही प्रश्न वसुलीचे असतील तर चांगलं अकाउंटिंग पॅकेज आणि फोन करणारा एक चिवट माणूस पुरतो. असं सांगून मी स्वतःची दोन कामं घालवली आहेत, त्याचं वाईट वाटत नाही.

त्यानंतर एक संपलेली ऑर्डर घ्या आणि तिचे सगळे कागद टेबलावर मांडा. चौकशीची ईमेल, कोटेशन, गिऱ्हाइकाची पीओ (खरेदीची ऑर्डर), ड्रॉइंग, इश्यू स्लिप (स्टोअरमधून माल दिल्याची चिठ्ठी), जॉब कार्ड, रिजेक्शनची चिठ्ठी, जॉबवर्कला, म्हणजे बाहेरून काम करून घ्यायला, गेलेल्या मालाचं चलन, शेवटी बिल. माझ्या पहिल्या कारखान्यात एका ऑर्डरीचे तेवीस कागद निघाले. नऊ कागदांवर गिऱ्हाइकाचं नाव हाताने लिहिलेलं होतं, चार वेगवेगळ्या प्रकारे. मग त्या ऑर्डरीच्या वाटेने चालत जायचं, कागद जिथे जिथे थांबला तिथे तिथे थांबायचं आणि त्या टेबलावरच्या माणसाला विचारायचं, "हा कागद आला नसता तर तुमचं काय अडलं असतं?" निम्म्या वेळा माणूस विचारात पडतो.

आणि खिशांकडे लक्ष ठेवायचं. आमच्या स्टोअरला एक काका होते, बावीस वर्षं तिथेच. त्यांच्या शर्टाच्या खिशात तळहाताएवढी डायरी असायची, रबरबँड लावलेली. रॅकवरच्या साठ्याचं बिन कार्ड वेगळं, एक्सेल वेगळं, पण सुपरवायझर माल मागायला आला की काका डायरी उघडायचे. तिच्यात डावीकडे काय दिलं, उजवीकडे कुणाला, आणि काही ओळींपुढे छोटा गोल. तो गोल म्हणजे "दिलंय, पण स्लिप आली नाही". ती आली की गोलात टिंब. पहिल्या खेपेस आम्ही त्या डायरीची चेष्टा केली होती. दुसऱ्या खेपेस मी दोन दिवस त्यांच्याशेजारी स्टुलावर बसले, तेव्हा लक्षात आलं की कारखान्याचा खरा स्टॉक तिथे आहे. आणि आमच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या गोलाला जागाच नव्हती. रात्रपाळीला मशीन बंद पडलं, सही करणारा घरी आहे, माल तर द्यावाच लागणार. मग ती नोंद कुठे करायची? काकांनी डायरीत जागा केली होती. ईआरपीतही तशी जागा करावी लागते, म्हणजे मंजुरी बाकी असलेला इश्यू. नाही केली तर डायरी खिशात परत येते.

माणसं

बसवून देणारी कंपनी कितीही चांगली असली तरी आतला एक माणूस हवा. स्टोअर, उत्पादन आणि हिशेब तिन्ही त्याला थोडं थोडं कळायला हवं, लोकांनी त्याचं ऐकायला हवं, आणि रोजचा अर्धा दिवस तो खरोखर मोकळा हवा. "त्याचं काम सांभाळून बघेल" असं ठरलं की ते बघितलं जात नाही. नात्यातला कॉम्प्युटर शिकलेला मुलगा या कामावर बसवू नका. त्याला बटणं माहीत असतात, पण प्रेसशॉपच्या सुपरवायझरला "स्लिपशिवाय माल नाही" म्हणायची ताकद त्याच्यात नसते.

ती ताकद शेवटी मालकाकडून येते. एका ठिकाणी सगळं सुरळीत चाललं होतं. तिसऱ्या आठवड्यात मालकांनी स्वतः स्टोअरला फोन केला, "दहा नग देऊन टाक, एन्ट्री नंतर बघू." संध्याकाळपर्यंत सगळा कारखाना तेच म्हणू लागला. तेव्हापासून मालकांकडून मी आधीच कबूल करून घेते की मंजुरी लागेल ती सिस्टीममधूनच द्यायची, मग ती प्रवासात फोनवरून का होईना.

डेमो तुमच्या मालाचा

विक्रेत्याचा डेमो नेहमी सुंदर असतो, कारण त्यातल्या काल्पनिक कंपनीत काही बिघडतच नाही. त्यांना दोन दिवस आधी तुमचे दहा आयटम, दोन गिऱ्हाइकं आणि खालच्यासारखे प्रसंग लिहून द्या, आणि तेवढंच दाखवायला सांगा.

शंभर नग मागवले, साठ आले, त्यातले सात नापास झाले, बिल मात्र शंभरचं आलं. माल किलोवर घेतला आणि नगावर दिला. उत्पादन अर्ध्यावर असताना गिऱ्हाइकाने संख्या बदलली. जॉबवर्कला ५०० गेले, ४९२ परत आले. महिना बंद झाल्यावर मागच्या महिन्यातलं बिल चुकीचं निघालं.

दाखवत असताना क्लिक मोजा. हसू नका, मी खरंच रेघा मारते. स्टोअरमधला माणूस दिवसाला साठ इश्यू करत असेल तर एका इश्यूला चार क्लिक लागतात की अकरा, यावर तो नोंद लगेच करणार की संध्याकाळी आठवून करणार हे ठरतं. आठवून केलेल्या नोंदीतूनच "आहे, पण कॉम्प्युटरमध्ये नाही" जन्माला येतं.

ईआरपीनेक्स्ट आणि ओडूची कम्युनिटी आवृत्ती अशी मुक्त स्रोत सॉफ्टवेअरं आहेत, त्यांना लायसन्सचे पैसे पडत नाहीत. छोट्यांसाठी हा चांगला मार्ग आहे. पण फुकट फक्त लायसन्स असतं. मास्टर (सगळ्या आयटमांची मूळ यादी) साफ करणं, माणसं शिकवणं, डेटा चढवणं, दुरुस्त्या या कामाला पैसे लागतातच, आणि माझ्या अनुभवात खर्चाचा मोठा भाग तिथेच जातो. कोणतंही घ्या, तीन गोष्टी करारात लिहून घ्या. आपला सगळा डेटा आपल्याला हवा तेव्हा वापरता येईल अशा स्वरूपात काढून मिळेल. डेमो देणारा नव्हे, तर प्रत्यक्ष काम करणारा माणूस कोण ते नावानिशी ठरेल. आणि पैशांचा शेवटचा हप्ता पहिली महिनाअखेर जुळल्यावरच जाईल. तिसऱ्या अटीवर विक्रेते कुरकुरतात. जो फार कुरकुरतो त्याच्याबद्दल मला काय ते कळतं.

मास्टर: इथे घाई केलीत तर पुढचं सगळं वाया

एकूण वेळेतला सगळ्यात मोठा तुकडा आयटम मास्टरला द्या. मी तरी तेच करते.

एका कारखान्याच्या यादीत मला हे सापडलं: "एम८ बोल्ट", "बोल्ट ८ एमएम", "हेक्स बोल्ट ८ बाय २५", "८x२५ बोल्ट (मोठा डबा)". चारही एकच वस्तू. चार कोड, चारांचा स्टॉक वेगळा, त्यातल्या दोघांचा वजा. खरेदीवाला एका नावाने मागवायचा, स्टोअर दुसऱ्या नावाने घ्यायचं, असेंब्ली तिसऱ्या नावाने मागायची. यादी एक्सेलमधून जशीच्या तशी चढवली असती तर हा गोंधळ कायमचा होऊन बसला असता.

म्हणून नाव लिहायची एकच रीत ठरवा. आधी वस्तू, मग प्रकार, मग माप, मग धातू किंवा ग्रेड: बोल्ट, हेक्स, एम८ × २५, ८.८, झिंक. प्रत्येक ओळ याच क्रमाने लिहिली आणि यादी अक्षरानुसार लावली की जुळे आयटम आपोआप शेजारी येऊन बसतात, शोधावे लागत नाहीत. कोड मात्र मुका ठेवा, नुसता चढता क्रमांक. पहिले दोन अंक विभागाचे, पुढचा धातूचा, त्यापुढचा पुरवठादाराचा अशी हुशारी कोडात घातली की वर्षभरात एखाद्या गटाचे अंक संपतात किंवा पुरवठादार बदलतो आणि कोड खोटं बोलू लागतो. माहिती वर्णनात ठेवा.

दोन वर्षांत न हललेले आयटम आणूच नका. लागला तर त्या दिवशी नवा बनवा. आणि नवा आयटम बनवायचा अधिकार एकाच माणसाकडे ठेवा. त्याला दिवसातून दहा फोन येतील, येऊ देत.

आता एकक. दिसायला क्षुल्लक, पण मला सगळ्यात जास्त याने रडवलंय. २५०० × १२५० × २ मिमी मापाचा पोलादी पत्रा घ्या. पोलादाची घनता ७.८५ (ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर), म्हणजे एका पत्र्याचं वजन ४९.०६ किलो. खरेदी किलोवर, इश्यू नगावर, म्हणून सिस्टीममध्ये रूपांतर भरलं: १ पत्रा = ४९.०६ किलो. गणित बरोबर. पण रोलिंग मिलमधून येणारा पत्रा नेमका दोन मिलिमीटरचा असतोच असं नाही, जाडीला सूट असते. तो १.९ निघाला तर वजन भरतं ४६.६१ किलो. १०० पत्रे आले, काट्यावर ४६६१ किलो भरले, बिलही तेवढ्याचंच आहे. सिस्टीमने ४९.०६ ने भागलं आणि ९५ पत्रे दाखवले. जमिनीवर १००, स्क्रीनवर ९५. कुणी चोरी केली नाही, कुणाची चूक नाही, तरी शेवटचे पाच पत्रे द्यायची वेळ आली की सिस्टीम "स्टॉक नाही" म्हणते आणि स्टोअरवाला म्हणतो, "आहे हो मॅडम..."

उपाय दोन. जमत असेल तर माल घेताना वजन आणि नग दोन्ही नोंदवा आणि रूपांतर त्या लॉटपुरतं ठेवा. सॉफ्टवेअरला ते जमत नसेल तर साठा नगावर ठेवा, किलो फक्त बिलासाठी वापरा. वायर (किलो आणि मीटर), रंग (डबा आणि लिटर), कागद (रीम आणि ताव) या सगळ्यांना हेच लागू. अशा दोन एककांच्या आयटमांची यादी वेगळी काढून प्रत्येकाचा एकदा तरी प्रत्यक्ष काटा करा.

बीओएमचंही, म्हणजे एका वस्तूला काय काय आणि किती लागतं त्या यादीचंही तेच. डिझाइनवाल्याच्या बीओएममध्ये वस्तूत जेवढं बसतं तेवढंच असतं. पत्रा कापताना उरणारा तुकडा, रंगाचा उडणारा भाग, सेटिंगमध्ये वाया जाणारे पहिले चार नग हे त्यात नसतं. मशीनशेजारी उभं राहून एका बॅचला खरोखर किती लागलं ते मोजा आणि तेच भरा.

"आमच्याकडे असं चालत नाही"

हे वाक्य कधी खरं असतं, कधी नुसती सवय. २०१८ मध्ये लिडल या जर्मन किराणा साखळीने सात वर्षं चाललेला सॅप या ईआरपी सॉफ्टवेअरचा प्रकल्प गुंडाळला. खर्च ५० कोटी युरोच्या आसपास गेल्याच्या बातम्या आल्या. त्यात एक मुद्दा असा सांगितला गेला की लिडल साठ्याचं मूल्य खरेदी किमतीवर धरत आलं होतं आणि त्या सॉफ्टवेअरची मूळ घडण विक्री किमतीवर होती. आपली रीत न सोडता सॉफ्टवेअर वाकवायचं ठरलं, आणि वाकवणं वाढत गेलं. एवढ्या पैशांत त्यांना ते जमलं नाही, तर तुम्हाआम्हाला कुठून जमणार?

मी एक जाडजूड वही ठेवते. ज्याला जो बदल हवा तो त्याने स्वतःच्या हाताने, नाव आणि तारखेसह तिच्यात लिहायचा. नाही कुणालाच म्हणायचं नाही. वही सुरुवातीनंतर दोन महिन्यांनी उघडायची. तेव्हा निम्म्या ओळी लिहिणारेच खोडतात, कारण तोवर हात बसलेला असतो. बिलाचा नमुना, छापील लेबलं, कायद्याने लागणारे अहवाल यांना थांबवायचं कारण नाही, ते लगेच करा. पण साठा कसा वजा होतो आणि नोंद लेजरला कशी जाते त्या गाभ्याला हात लावू देऊ नका. पुढची आवृत्ती आली की हेच बदल परत करावे लागतात, आणि तोवर ते करणारा प्रोग्रॅमर भलतीकडेच नोकरीला असतो.

खोट्या महिन्याची तालीम

खरी सुरुवात करण्याआधी वीस आयटम आणि पाच गिऱ्हाइकं घेऊन एका खोलीत अख्खा महिना दोन दिवसांत जगून बघा. चौकशीपासून वसुलीपर्यंत, महिनाअखेरीसकट. कीबोर्डवर रोजचीच माणसं, आणि विक्रेत्याच्या माणसाने हात मांडीवर ठेवायचे. तो "थांबा, मी करून दाखवतो" म्हणाला की शिकणं तिथेच संपतं. अडलेली प्रत्येक गोष्ट भिंतीवर कागदावर. पहिल्या तालमीत माझ्या भिंतीवर तीस-चाळीस कागद लागतात, दुसरीत सात-आठ. दुसरीतही वीस राहिले तर मी तारीख पुढे ढकलते आणि शिव्या खाते.

प्रशिक्षण म्हणून वेगळा वर्ग मी घेत नाही. दहा जणांना अंधाऱ्या खोलीत पडद्यावर सगळे मॉड्यूल दाखवले की दुसऱ्या दिवशी कुणाला काही आठवत नाही. ज्याचं जे काम, तेवढेच दोन-तीन स्क्रीन, त्याच्या टेबलावर, त्याच्याच कागदांवरून.

मोजणी आणि तारीख

तारीख महिन्याच्या पहिल्या दिवसाची, आणि हंगामाच्या बरीच आधीची किंवा नंतरची. हर्शी या अमेरिकन चॉकलेट कंपनीने १९९९ मध्ये नवी प्रणाली हॅलोवीनच्या तोंडावर, तीही एकदम सगळी, चालू केली. चार वर्षांचं काम अडीच वर्षांत आणलेलं होतं. सुमारे १० कोटी डॉलरच्या ऑर्डरी पाठवता आल्या नाहीत, माल पडून असताना. त्याचं एक कारण वाचलं तेव्हा मला काकाच आठवले. हंगामात माल जास्तीच्या जागांमध्ये ठेवायची तिथे जुनी सवय होती, आणि त्या जागा नव्या प्रणालीत नोंदवलेल्याच नव्हत्या. आहे, पण कॉम्प्युटरमध्ये नाही!

तेव्हा मोजायच्या आधी जागांची यादी करा. जिन्याखालचा कोपरा, जॉबवर्कवाल्यांकडे पडलेलं, दुरुस्तीला गेलेलं, विक्रीवाल्याच्या गाडीतले नमुने, मालकांच्या केबिनमधल्या कपाटातला "चांगला" लॉट. प्रत्येक जागेला सिस्टीममध्ये नाव द्या. मोजणीआधी आठवडाभर अर्धवट कामं शक्य तेवढी संपवा. अर्ध्या बनलेल्या मालाची मोजणी म्हणजे डोकेदुखी, ती जितकी कमी तितकी बरी.

मोजणीच्या दिवशी मालाची ये-जा बंद. दोघांची जोडी, एक मोजतो, दुसरा लिहितो. मोजणीच्या कागदावर जुना आकडा छापायचा नाही. समोर ८६ दिसलं की माणूस ८६च मोजतो, हा माणसाचा स्वभाव आहे. मोजून झालं की रॅकला रंगीत चिठ्ठी. शेवटी चिठ्ठी नसलेलं जे दिसेल ते राहिलेलं.

आकडे चढवल्यावर परीक्षा. पंचवीस आयटम रॅकवरून उचलून स्क्रीनवर बघा, पंचवीस स्क्रीनवरून घेऊन रॅकवर शोधा. दोन्ही बाजूंनी, कारण एका बाजूने केलं की अर्ध्याच चुका सापडतात. एमआरपीच्या जुन्या जाणकारांनी साठ्याच्या नोंदींसाठी ९५ टक्के अचूकतेची रेघ आखलेली आहे. पन्नासात अठ्ठेचाळीस जुळले तर चला. त्याखाली असेल तर परत मोजा, मग कितीही लोक रागावोत.

जुनं आणि नवं दोन्ही समांतर चालवावं का, हे सगळेच विचारतात. हिशेबाची एक महिनाअखेर दोन्हीकडे करून ताळा बघा, हरकत नाही. स्टोअरमध्ये मात्र एकही दिवस नको. दोन्हीकडे नोंद करायची झाली की थकलेला माणूस सवयीचीच करतो, आणि नवी राहून जाते.

पहिला महिना

या महिन्यात माझी खुर्ची स्टोअरमध्ये असते. सकाळी पंधरा मिनिटं सगळे उभ्याने भेटतात. काल काय अडलं, कोण सोडवणार, बस. साठा वजा जाऊ द्यायची सोय बंद ठेवा. सिस्टीम अडवेल, लोक ओरडतील, पण प्रत्येक ओरडा म्हणजे न झालेली एक नोंद त्याच दिवशी सापडली. वजा जाऊ दिलंत तर तीच नोंद महिनाअखेरीस शोधत बसाल. मागच्या तारखेच्या नोंदींना दोन दिवसांची मुभा, त्यापुढे कुलूप.

रोज दहा आयटम मोजायचे, महागडे वारंवार, किरकोळ कधीतरी. फरक सापडला की आकडा दुरुस्त करून मोकळं होऊ नका, तो का पडला ते विचारा. उत्तर बहुधा एखाद्या ठराविक पाळीत, मशीनवर किंवा आयटमच्या एककात सापडतं.

आणि महिनाअखेर. इथे माझ्यातली हिशेबनीस जागी होते. साठ्याच्या अहवालातलं मूल्य आणि लेजरमधलं मूल्य जुळायला हवं. पहिल्यांदा ते जुळत नाही, आणि दोषी बहुतेकदा एकच असतो: माल आला, जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) झाला, पण बिल आलेलं नाही. त्यासाठी सिस्टीममध्ये मधलं एक खातं असतं. त्या खात्यातली प्रत्येक शिल्लक कुठल्या जीआरएनची आहे ते एकेक ओळ टिक करून दाखवता आलं पाहिजे. नुसता एकूण आकडा सांगणाऱ्याला मी परत पाठवते. पहिल्या खेपेस आम्ही हे खातं "नंतर बघू" म्हणून सोडलं, आणि आठ महिन्यांनी तिथे इतकी गुंतवळ झाली होती की शेवटी सगळंच सोडून एक्सेलवर परतलो.

बॅकअपबद्दल थोडक्यात. तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक इमारतीबाहेर. क्लाउडवर असलात तरी डेटाची आपली एक प्रत काढत जा. आणि पहिल्याच महिन्यात एकदा तो बॅकअप दुसऱ्या मशीनवर उघडून कालचं बिल त्यात दिसतं का ते बघा. तोवर तुमच्याकडे बॅकअप आहे असं धरू नका.

उरतात जुन्या एक्सेल शीट. त्या पुसू नका, लोक घाबरतात आणि गुपचूप प्रती करून ठेवतात. दुसरी महिनाअखेर जुळली की सगळ्या एका फोल्डरमध्ये हलवा, फक्त वाचता येतील अशा करा आणि फोल्डरच्या नावात त्या दिवसाची तारीख घाला. मग महिनाभर रोज संध्याकाळी बघा, कुणाच्या डेस्कटॉपवर नवी शीट उगवली का. उगवली तर रागावू नका. ती उघडा, तिच्यात सिस्टीममध्ये नसलेला कोणता रकाना आहे ते बघा. आमच्याकडे डिस्पॅचवाल्याच्या शीटमध्ये "गाडी कितीला निघाली" असा रकाना निघाला. तो चलनाच्या स्क्रीनवर टाकायला अर्धा तास लागला, आणि ती शीट परत कधी उघडली गेली नाही.